इंजिन उतरवायचं, की जागेवरच हेड खोलायचं?

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की तुळजापूरचा घाट चढताना जुन्या गाड्यांच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागतो. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतलेलं असेल तर आतल्या बारीक नळ्या क्षारांनी आधीच अरुंद झालेल्या असतात. मग बॉनेटखालून वाफ, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि गॅरेजमध्ये निदान ऐकायला मिळतं: ‘इंजिन खाली घ्यावं लागेल.’

कदाचित घ्यावंही लागेल. पण हे मोजमापाआधीच सांगितलं जात असेल, तर गाडीमालकाने होकार देऊ नये.

इंजिनाचे ढोबळ दोन भाग. वर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट (जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच). खाली ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, पिस्टन आणि क्रँकशाफ्ट. मध्ये दोघांचा सांधा घट्ट बंद ठेवणारं पातळ हेड गॅस्केट. बिघाड गॅस्केटपाशी किंवा वर असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन जागेवर ठेवूनच हेड काढता येतं. खाली असेल, तर प्रश्न अवघड होतो.

गाडी तापल्यावर आधी गॅस्केटच का जाते? अनेक इंजिनांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर सुमारे ०.७ मि.मी. वाढतं, ब्लॉक मात्र ०.३५ मि.मी.च्या आसपास. एवढी घासाघीस गॅस्केट रोज सोसते. कूलंट संपून हेड त्याहून तापलं, की बोल्टांनी जखडलेलं ॲल्युमिनियम वाकतं आणि थंड झाल्यावर सरळ होत नाही. हेडचा वाक मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे गेला की गॅस्केट धरत नाही. अशा वेळी हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला जातं. इंजिन गाडीतच राहतं.

काहीही न खोलता हे ओळखायची एक सुंदर चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रावणातून ओढून घेतात. द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावण आम्लधर्मी होतं आणि पिवळं पडतं.

दुसरी चाचणी कानांची. पिस्टन अगदी वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. एअर फिल्टरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. ऑइल भरायच्या झाकणातून वारा आला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा नाहीतर सिलिंडर झिजलेत. पेट्रोल गाडीत खात्री करायला सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, आधी मोजतात आणि चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. ऑइलने फट बुजून आकडा चढला, तर दोष रिंगांकडचाच.

क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो त्या बेअरिंगचं दुखणं ऑइलच्या दाबात दिसतं. बेअरिंगमधली फट नवी असताना मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. अरुंद फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की त्याच दाबाला गळती आठपट. म्हणून थोडी झीजही गरम इंजिनाचा दाब खाली आणते. मात्र दाब साधा गेज लावून, इंजिन पूर्ण तापल्यावर मोजावा; डॅशबोर्डवरचा दिवा सेन्सर बिघडूनही लागतो.

मेन बेअरिंग, क्रँक किंवा ब्लॉकचा तडा निघाला, की इंजिन उतरवण्यात काटकसर करू नये. खरी घालमेल फक्त रिंगा गेलेल्या असतात तेव्हा होते. काही गाड्यांत हेड आणि तळाचा ऑइल चेंबर काढून पिस्टन वरून ओढता येतात. बोअर गेजने सिलिंडर मर्यादेत भरला तर माझ्या मते हा मार्ग रास्त आहे. पण सिलिंडर बोअर करायचा (आतून कापून मोठा करायचा) किंवा आतली भिंत घासायला होनिंगचा दगड फिरवायचा असेल तर जागेवर करू नये. दगडाची कठीण भुकटी खालच्या क्रँकवर पडते, ऑइलबरोबर फिरते आणि नव्या बेअरिंगना चरे पाडते. ब्लॉक सुटा करून साबण-पाण्याने घासल्याशिवाय ती पुरती निघत नाही. चेनकप्पी लावून इंजिन उचलण्याची मजुरी या नुकसानापुढे लहान आहे.

क्लच किंवा क्रँकचं मागचं ऑइल सील यांसाठी बहुतेक गाड्यांत फक्त गिअरबॉक्स उतरवला तरी भागतं. एकदा इंजिन बाहेर आलंच, तर वॉटर पंप, ऑइल सील आणि जुने होज त्याच वेळी बदलून घ्यावेत, आणि रेडिएटर साफ करून त्यात शुद्ध पाण्यातलं कूलंट भरावं. ब्लॉकच बदलायची पाळी आली तर इंजिन क्रमांकही बदलतो. म्हणून नव्या ब्लॉकचं बिल जपून ठेवावं आणि आरटीओत रीतसर परवानगी घेऊन आरसीवर तो क्रमांक चढवून घ्यावा.