वळिवडे येथील पोलिश निर्वासित छावणी

कोल्हापूरजवळ वळिवडे गावाच्या हद्दीत १९४३ ते १९४८ या काळात वसलेली पोलिश विस्थापितांची वसाहत. दुसऱ्या महायुद्धात भारताने आसरा दिलेल्या पोलिश नागरिकांची ही सर्वांत मोठी छावणी. येथे सुमारे ५,००० माणसे राहिली, त्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांचाच भरणा होता. कर्ते पुरुष बहुतेक सैन्यात होते; कित्येक जण सोव्हिएत हद्दीतच दगावले होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने आक्रमण केले. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना घरांतून उठवून, मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान इकडे हद्दपार करण्यात आले. जर्मनी सोव्हिएत संघावरच उलटल्यावर, जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारान्वये त्यांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर हजारो नागरिक १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. उपासमार आणि टायफसने वाटेत अनेकांचा बळी घेतला. त्यांच्यातल्या काहींना पुढे कराचीमार्गे भारतात आणले गेले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना ठेवून घेतले होते. ती छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवड्यास आली.

या छावणीचे श्रेय पुष्कळदा एकट्या ‘कोल्हापूरच्या महाराजां’ना दिले जाते. त्या वेळी गादीवर अल्पवयीन छत्रपती होते. जागा कोल्हापूर संस्थानात मिळाली, उभारणीत ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा हात होता आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारवर होता. मुंबईतील पोलिश वाणिज्य दूतावास आणि पोलिश रेड क्रॉसचे काम पाहणाऱ्या कीरा बानासिंस्का यांनी या लोकांसाठी अपार कष्ट घेतले. उपकार एकाचे नव्हते, अनेकांचे होते. ही नोंद नीट राहायला हवी.

कौलारू छपरांच्या, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती असलेल्या लांबच लांब बराकी आणि पुढे पडवी, अशी वसाहतीची रचना. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे. कुटुंबांना ठरावीक भत्ता मिळे आणि ती आपापला स्वयंपाक करत. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हातच्या तुकड्यासाठी रांगेत उभे राहिलेल्या बाईला काय रांधायचे हे स्वतः ठरवता येणे, इथूनच तिचा संसार पुन्हा उभा राहू लागतो. दारावर येणारे भाजीवाले, फेरीवाले कामापुरते पोलिश बोलू लागले होते, अशी आठवण सांगितली जाते. पडव्यांसमोर फुलझाडे लावली गेली. प्राथमिक व माध्यमिक शाळा, चर्च, दवाखाना, नाटकमंडळी, स्काउट पथके असे सगळे उभे राहिले. शिकवणाऱ्या बहुतेक पोलिशच होत्या. मुलांचे तुटलेले शिक्षण त्यांच्या भाषेत पुन्हा सुरू झाले, हे या छावणीचे सर्वांत मोठे काम. हवापालटासाठी पन्हाळ्यावरही काहींची सोय होती.

पण घरी परतण्याचा प्रश्न मदतीने सुटणारा नव्हता. ब्रिटन, अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या १९४५ च्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंडचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला. ज्या गावांतून ही माणसे उचलली गेली, ती गावेच पोलंडमध्ये उरली नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनने व अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि पुढे छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन यंत्रणेवर आला. पुढे कोणी ब्रिटनला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला किंवा पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले. काही पोलंडला परतले. एक तरुणी कोल्हापूरकराशी लग्न करून इथेच राहिली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये स्मारकस्तंभ उभारला गेला. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत बालपण काढलेली वृद्ध मंडळी पुन्हा वळिवड्यास येऊन गेली.

पोलिश लोकांनी सोडलेल्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून उखडलेली कुटुंबे तिथे वसवण्यात आली. त्या वस्तीचे गांधीनगर झाले. दक्षिण महाराष्ट्र आणि सीमाभागातले कापडदुकानदार आज जिथे घाऊक माल भरायला जातात, ते हेच गांधीनगर.