फेरफार रजिस्टर: पुरातून सर्व्हरपर्यंत

जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवणारी फेरफार रजिस्टरं आणि तसले जुने सरकारी कागद पुरातून कसे वाचवायचे आणि संगणकावर कसे टिकवायचे, त्याची ही गोष्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. कपाटाचा तळाचा खण रिकामा ठेवायचा हा जुना नियम नळ फुटला तर कामाला येतो. 57 फुटांपुढे अभिलेख कक्षाचा मजलाच बदलावा लागतो.

त्याआधीचं काम वर्गवारीचं. सरकारी दप्तरात 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' 30 वर्षं, 'क-1' 10, 'क' 5 आणि 'ड' 1 वर्ष. मुदत संपलेले 'ड' कागद वेळच्या वेळी नष्ट झाले नाहीत की ते 'अ'च्या रुमालांशेजारी (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांशेजारी) साचत जातात. मग पाणी चढू लागल्यावर टेम्पोत आधी काय भरायचं, हे अंधारात कुणाला कळत नाही. म्हणून रुमालाच्या चिठ्ठीवर वर्ग ठळक अक्षरात हवा आणि 'अ'ची कपाटं दाराजवळ हवीत.

तरीही रजिस्टर भिजलंच, तर साधारण 48 ते 72 तासांत बुरशी धरते. भिजलेली वही उघडायची नाही. ओला कागद स्वतःचं वजनही पेलत नाही, पान सुटं करायला गेलं की हातात तुकडा येतो. ती मिटलेलीच धरायची, पुठ्ठ्याची पाठ खाली करून क्रेटमध्ये उभी ठेवायची आणि क्रेट पूर्ण भरायचा नाही, कारण कागद फुगतो. जुन्या मोडी कागदांची शाई काजळीची असते. काजळी पाण्यात विरघळत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक सैल पडतो, म्हणून बोट फिरवलं की अक्षर फरफटतं. फाउंटन पेनची निळी शाई आणि शिक्क्याची जांभळी शाई मात्र थेट पाण्यात उतरते. असे कागद गाळ काढण्यासाठीसुद्धा धुवायचे नाहीत.

वह्या थोड्या असतील तर सावलीतल्या खोलीत पंख्याखाली, दर पंधरा-वीस पानांआड टीपकागद घालून आणि तो पुन्हापुन्हा बदलून वाळवता येतात. उन्हात कागद वेडावाकडा होतो आणि शाई उडते. पण ऑगस्टमधल्या सांगलीच्या दमट हवेत नुसता पंखा ओल इकडून तिकडे फिरवतो, ओल शोषणारं यंत्र लागतंच. शेकडो वह्या असतील तर एकच उपाय: गोठवणं. उणे 18 अंश किंवा त्याखाली बुरशी थांबते आणि सवड मिळते. पुढे निर्वात कक्षात बर्फाची थेट वाफ करून कागद कोरडा करतात. तासगाव भागात बेदाण्याची शीतगृहं आहेत, हे लगेच सुचतं, पण तिथलं तापमान शून्याच्या वर असतं. तेवढ्याने बुरशी मंदावते, थांबत नाही. आईस्क्रीम साठवणारा गोठवण कक्ष कुठे आहे, हे पावसाळ्याआधीच विचारून ठेवावं.

आता स्कॅनिंग. ए-4 आकाराचं पान इंचाला 300 ठिपके या दराने रंगीत स्कॅन केलं तर न दाबलेली (आकार कमी न केलेली) फाइल सुमारे 26 एमबीची होते, म्हणजे एक लाख पानांना 2.6 टीबी. जागा वाचवायला काळं-पांढरं स्कॅन करण्याचा मोह होतो. त्यात लाल शाईचा शेरा काळा होतो आणि पेन्सिलची पुसट खूण नाहीशी होते. फेरफारात नेमकी हीच खूण वादाची असते.

नाव देणं त्याहून महत्त्वाचं. 'स्कॅन0001' हे नाव नव्हे. जिल्हा, तालुका, गाव, नमुना, वर्ष, पान एवढं तरी हवं. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. सांगली जिल्हा 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. वाळवा किंवा तासगावचा 1930 सालचा कागद स्वतःला 'जिल्हा सातारा' म्हणवतो. म्हणून सूचीत जुनं आणि आजचं, दोन्ही नावं लिहावी लागतात, नाहीतर शोध रिकामा येतो.

फाइल कुजते तेव्हा वासही येत नाही. त्यासाठी प्रत्येक फाइलचा 'हॅश', म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, काढून ठेवतात आणि नंतर पुन्हा काढून जुळवून पाहतात. एसएचए-256 पद्धतीत तो 64 अक्षरांचा असतो आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी पार वेगळा येतो. हॅशची यादी त्याच डिस्कवर ठेवली तर डिस्कबरोबर तीही जाते.

सुरुवातीपासून संगणकावरच टाइप झालेल्या मजकुराची व्यथा निराळी. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत) रुळण्याआधीच्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत प्रत्यक्षात ई-जे-के-बी-एच या पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फाँट आहे तोवर मराठी दिसते, नसला की अगम्य रोमन. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून पीडीएफ-ए स्वरूपात ठेवावा, त्यात फाँट फाइलीतच असतो. मूळ फाइलही टाकू नये, कारण बदलताना जोडाक्षरं आणि रफार चुकतात.

प्रती तीन, माध्यमं दोन, एक प्रत दूर. दूर म्हणजे किती? कोल्हापूर नको: 2019 मध्ये पंचगंगेचा पूर त्याच आठवड्यात होता. कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर, आणि 1967 च्या भूकंपाचं केंद्र कोयनानगर परिसरात. नागपूर चालेल. आणि रोज आपोआप जुळणारी प्रत बॅकअप समजू नये, चुकून पुसलेली फाइल तिथूनही पुसली जाते.

वर्षातून एकदा कुठलंही एक गाव निवडून त्याची फाइल दूरच्या प्रतीतून, नव्या संगणकावर उघडावी आणि रुमालातलं मूळ पान शेजारी ठेवावं. आधी पान क्रमांक जुळतो का पाहायचं, मग लाल शेरा.