क्रिएटिन, किडनी आणि पहिली दहा सेकंदे

नागपूरच्या रविनगर, धरमपेठ भागातल्या जिममध्ये जाणाऱ्या अनेक महाविद्यालयीन मुलांच्या बॅगेत पांढऱ्या भुकटीचा डबा असतो आणि तो दृष्टीस पडताच ‘हे स्टेरॉइड आहे, किडनी जाईल’ असे घरचे बजावतात. ती भुकटी बहुधा क्रिएटिन मोनोहायड्रेट असते. क्रिएटिन हे स्टेरॉइडही नव्हे आणि संप्रेरकही नव्हे. 1832 मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते मांसात सापडले. आपले मूत्रपिंड आणि यकृत मिळून रोज सुमारे 1 ग्रॅम क्रिएटिन तयार करतात, आणि उत्तेजकांच्या आंतरराष्ट्रीय बंदी-यादीत त्याचा समावेश नाही.

स्नायूचे आकुंचन एटीपी या रेणूच्या बळावर होते. त्याच्या तीन फॉस्फेटांपैकी शेवटचा तुटला की ऊर्जा मिळते आणि एडीपी उरतो. स्नायूतील एटीपीचा साठा मात्र इतका तोकडा असतो, की पूर्ण जोर लावल्यास तो दोन-तीन सेकंदांत संपावा. तसे होत नाही, कारण शेजारीच असलेले क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट एडीपीला देऊन टाकते आणि एटीपी पुन्हा उभा राहतो. क्रिएटिन कायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हे एकाच टप्प्यात, ऑक्सिजनशिवाय घडते. ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याची वाट त्या मानाने लांबची आहे. शिवाय या अभिक्रियेत एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो, त्यामुळे व्यायामाच्या अगदी आरंभी स्नायूतील आम्लता वाढण्याऐवजी किंचित घटते. हा आधार साधारण दहा सेकंद पुरतो. दोन सेटमधल्या विश्रांतीत तंतुकणिकांत (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत) तयार झालेला एटीपी क्रिएटिनला त्याचा फॉस्फेट परत करतो, आणि ही भरपाई बरीचशी पूर्ण व्हायला काही मिनिटे लागतात.

रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन घेतल्यास स्नायूतील क्रिएटिनचा साठा तीन-चार आठवड्यांत भरतो. त्यापुढचे लघवीवाटे जाते. मांसाहार न करणाऱ्यांचा साठा मुळात कमी असल्याने त्यांना फरक अधिक जाणवतो. सुरुवातीला काट्यावर वाढलेले वजन मुख्यतः पाण्याचे असते, हे ‘सात दिवसांत बॉडी’ असल्या जाहिराती सांगत नाहीत. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून सुट्या पुड्यांत विकल्या जाणाऱ्या वजनवाढीच्या चूर्णांकडे मात्र घरच्यांनी अधिक संशयाने पाहावे, कारण तसल्या चूर्णांत चोरून मिसळलेले खरेखुरे स्टेरॉइड तपासण्यांत आढळलेले आहे.

किडनीची भीती बव्हंशी प्रयोगशाळेच्या अहवालातून येते. शरीरातील सुमारे पावणेदोन टक्के क्रिएटिन रोज आपोआप, कोणत्याही विकराशिवाय, पाण्याचा एक रेणू गमावून क्रिएटिनिन बनते आणि मूत्रपिंड ते गाळून टाकते. रक्तात ते साचले म्हणजे गाळण मंदावली, असा अंदाज केएफटी या मूत्रपिंडाच्या कार्याच्या तपासणीत बांधला जातो. पण भुकटीमुळे त्याचे उत्पादनच वाढले, तर गाळण बिनचूक असतानाही आकडा थोडा वर सरकतो. निरोगी व्यक्तींना नेमलेल्या मात्रेत क्रिएटिन दिलेल्या अभ्यासांत मूत्रपिंडाची हानी दिसलेली नाही. ज्यांना आधीपासून मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. तपासणीपूर्वी डॉक्टरांना भुकटीविषयी सांगितले, तर शंका असल्यास ते सिस्टॅटिन-सी या प्रथिनाची वेगळी चाचणी सुचवू शकतात, कारण त्या प्रथिनाची रक्तातील पातळी क्रिएटिनच्या सेवनाने बदलत नाही.