नासपती पोटात गेल्यावर काय करते?

पावसाळ्यात हातगाडीवर सफरचंदांशेजारी हिरवट-पिवळी नासपती येऊन बसते. जुलै-ऑगस्टमध्ये पंजाबकडची टणक ‘पत्थरनाख’ येते. मऊ, रसाळ बब्बूगोशा येतो तो काश्मीर-हिमाचलकडून.

जीवनसत्त्वांच्या बाबतीत नासपतीकडे मिरवण्यासारखं फार नाही. 100 ग्रॅम गरात ‘क’ जीवनसत्त्व जेमतेम 4-5 मिलिग्रॅम; आपल्या पेरूपुढे ती कुठेच नाही. तिची खरी करामत पोटात दिसते. मध्यम आकाराच्या एका नासपतीत सुमारे 100 कॅलरी आणि 5 ते 6 ग्रॅम चोथा असतो. दिवसाची गरज 25-30 ग्रॅम धरली, तर एका फळात पाचवा हिस्सा झाला. यातला पेक्टिन नावाचा चोथा पाण्यात विरघळून दाटसर होतो आणि साखर रक्तात सावकाश उतरते. न विरघळणारा चोथा मळाला आकारमान देतो.

खाताना दाताखाली जे रवाळ लागतं, ती माती नव्हे. त्या अश्मपेशी, म्हणजे लिग्निनने भिंती जाड झालेल्या पेशींचे झुबके. लाकडाला कडकपणा येतो तोही लिग्निनमुळेच. गाभ्याभोवती हे झुबके जास्त असतात. आपल्याला ते पचत नाहीत, आणि न पचणं हेच त्यांचं काम!

दुसरी गंमत सॉर्बिटॉलची, म्हणजे साखरेसारख्याच एका गोड पदार्थाची. नासपती गुलाबाच्या कुळातली. या कुळातल्या सफरचंद, नासपतीसारख्या झाडांची पानं आपली बरीचशी साखर सॉर्बिटॉलच्या रूपात फळाकडे धाडतात. सफरचंदापेक्षा नासपतीत ते जास्त उरतं. आपलं लहान आतडं ते पुरतं शोषून घेत नाही. उरलेलं मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतं आणि मळ मऊ होतो. बद्धकोष्ठावरच्या काही औषधांतही हेच सॉर्बिटॉल असतं. पण मोठ्या आतड्यातले जिवाणूही त्यावर ताव मारतात आणि वायू होतो. म्हणून ज्यांना आयबीएसचा (वारंवार पोटदुखी आणि शौचाची तक्रार होणाऱ्या आतड्याच्या विकाराचा) त्रास आहे किंवा पोट चटकन फुगतं, त्यांनी दोन फोडी खाऊन अंदाज घ्यावा.

रस काढण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. चोथा गाळणीत राहतो आणि पेल्यात साखर तेवढी उतरते. सालही काढू नका. पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं गरापेक्षा सालीतच जास्त असतात. फळ नीट चोळून धुतलं की झालं. मधुमेह असलेल्यांनाही अख्खी नासपती सहसा चालते, फक्त ती जेवणाच्या हिशेबात धरावी.

पिकण्याची तऱ्हाही न्यारी आहे. बब्बूगोशासारखी मऊ जात झाडावरच पिकू दिली तर आतून मऊ पडून काळी होते, म्हणून ती कच्चीच उतरवतात. घरी आणल्यावर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन या फळं पिकवणाऱ्या वायूने ती लवकर पिकते. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून बघा. तिथे दबली की लगेच खावी, कारण अंग मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा उतरलेला असतो. पत्थरनाखसाठी मात्र वाट बघत बसू नका. ती फारशी मऊ होतच नाही, कचकचीतच खायची.