वर्गणीदारांची वही

आजोबांच्या कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. रामबागेत राहत असताना ते महाराष्ट्रातून निघणाऱ्या एका मराठी मासिकाचे इंदुरातले वर्गणीदार सांभाळायचे. पगार नव्हता, कमिशन नव्हतं, आवड होती. वहीत चार रकाने: नाव, पत्ता, रक्कम मिळाल्याची तारीख आणि शेरा. यातला शेरा मी पुन्हा पुन्हा वाचते. "बदली देवासला." "दिवाळी अंक पोचला नाही, कळवले." "वारले. सूनबाई पुढे चालू ठेवतात." एका नावापुढे तीन वर्षं ओळीनं "पुढच्या महिन्यात देतो" आहे आणि चौथ्या वर्षी तिन्ही वर्षांची थकलेली वर्गणी एकरकमी जमा झाली आहे.

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात यंदा आम्हाला 'उद्यमशील पत्रकारिता' शिकवतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २०१० मध्ये या विषयाचं केंद्र काढलं आणि हा शब्द जगभरच्या वर्गांत पोचला. पत्रकारानं नोकरी न शोधता स्वतःचं माध्यम उभं करावं, त्याचा पैसा कुठून येईल हे आधी ठरवावं, असा त्याचा गाभा. वर्गात ऐकताना वाटतं की हे सगळं इंटरनेटनं आणलं. मराठी वृत्तपत्रांचा इतिहास उघडला की क्रम उलटा दिसतो. आपल्याकडे आधी आला तो पदरमोड करून पत्र काढणारा माणूस. पगारी पत्रकार त्याच्या पुष्कळ नंतरचा.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीतले होते. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी. वर्तमानपत्र वाचायची सवयच ज्या भाषेत नव्हती, त्या भाषेत ते आठ वर्षं चाललं आणि १८४० मध्ये बंद पडलं. पुढच्याच वर्षी भाऊ महाजनांनी 'प्रभाकर' सुरू केलं. लोकहितवादींची शतपत्रं त्यातच आली. ब्राह्मणांपासून सरकारपर्यंत कुणाची भीड न धरणारी ती पत्रं छापायला कुठलाही आश्रयदाता राजी झाला असता असं मला वाटत नाही. पत्र भाऊंचं स्वतःचं होतं, म्हणून ती छापली गेली.

स्वतःचं असण्याची किंमत १८८२ मध्ये दिसली. 'केसरी' निघून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालवल्याचा आरोप करत दिवाण बर्व्यांवर लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकरांवर बदनामीचा खटला झाला आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खटल्यात त्यांना जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. या दोन गटांचे मतभेद केवढे होते हे ज्याला माहीत आहे, त्याला या जामिनाचं मोल कळेल. आज छोट्या संकेतस्थळांवर मानहानीचे दावे पडतात तेव्हा बातमी खरी असली तरी वकिलाची फी आणि तारखांच्या खेपा यातच माणूस थकतो. बाजूला कोण उभं राहतं यावरच तेव्हाही बरंच काही ठरायचं.

आमच्या इंदूरकरांसाठी या इतिहासातलं सगळ्यात जवळचं पान मात्र महूचं आहे. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म तिथला, इंदूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आत. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले होते. पत्र निघतंय एवढी जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, पैसे मोजायची तयारी दाखवली, तरी ती छापली गेली नाही. ज्या पत्राच्या संपादकांनी बोलण्याच्या हक्कासाठी तुरुंग भोगला, त्याच पत्राचं दार दुसऱ्या आवाजाला बंद होतं. हे वाचून मला फार वाईट वाटलं. सरकारपासून, संस्थानापासून स्वतंत्र असलेलं पत्र स्वतःच्या वाचकवर्गाच्या पूर्वग्रहांपासून स्वतंत्र असेलच असं नाही, हे तिथे कळतं. बाबासाहेब शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला. १९२७ मध्ये त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढलं, तेव्हा अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याला लिहावे लागत. ज्या समाजासाठी पत्र काढायचं त्याच्याकडे वर्गणीपुरतेही पैसे नाहीत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांना ते नको आहे, हा पेच उद्यमशीलतेच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही. दिल्लीतून २०२१ मध्ये मीना कोतवाल यांनी 'द मूकनायक' नावानंच दलित-आदिवासींच्या बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं. शंभर वर्षांनी तोच पेच पुन्हा हातात घेतला गेला, यावेळी लोकवर्गणीच्या आधारानं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसानं हिंदीत जे केलं तेही इथे सांगायला हवं, कारण आमची घरं त्याच वाटेवरची. माधवराव सप्र्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावाहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. तीन वर्षं तोटा सोसून १९०२ अखेर ते थांबलं. भोपाळला त्यांच्याच नावाचं वृत्तपत्र संग्रहालय आहे, १९८४ पासूनचं. बनारसला बाबूराव विष्णू पराडकरांनी 'आज'मधून हिंदी पत्रकारितेची भाषाच घडवली. आणि इंदुरात राहुल बारपुते.

होळकरांच्या इंदुरात दरबारी मराठी होती आणि बाजारात माळवी-हिंदी. 'मालवा अखबार' हे इथलं पहिलं पत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला निघालं ते हिंदी-उर्दूत, आणि संस्थानच्या आश्रयानं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, ५ जून १९४७ रोजी, 'नई दुनिया' सुरू झालं. बारपुते त्याचे दीर्घकाळ संपादक होते. घरी मराठी, लेखणी हिंदी. देवासहून कुमार गंधर्व, इथले चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, नाटकवाले बाबा डिके ही त्यांची मित्रमंडळी. आजोबा सांगतात की त्या काळी राजवाड्याच्या आसपास कुठल्याही ओट्यावर सकाळी अंक उघडला की माणसं आधी वाचकांची पत्रं बघायची. त्या पत्रांवरून वाद व्हायचे, दुसऱ्या दिवशी त्या वादांची पत्रं यायची. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी याच तालमीतले. पुढे माथुर 'नवभारत टाइम्स'चे संपादक झाले, जोशींनी १९८३ मध्ये 'जनसत्ता' काढला. आणीबाणी आली तेव्हा 'नई दुनिया'नं निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. कोऱ्या जागेचा अर्थ वाचकाला कळेल, एवढा विश्वास वाचकावर होता. इंदुरात लोकांना 'आपलं पत्र' म्हणायची सवय लागली ती यातून. तेच पत्र २०१२ मध्ये जागरण समूहानं विकत घेतलं. ते कसं चाललंय याची चर्चा मी इथे करत नाही. 'आपलं' म्हटलेली वस्तू कागदोपत्री आपली नसते, एवढंच त्या वर्षी कित्येक घरांना जाणवलं, आमच्याही.

इंटरनेटच्या इतिहासातही इंदूर मागे नाही. १९९९ मध्ये विनय छजलानी यांनी इथूनच 'वेबदुनिया' सुरू केलं. हिंदीतलं ते पहिलं पोर्टल, पुढे त्यात मराठीसह इतर भाषा आल्या. तेव्हा देवनागरी पडद्यावर आणणं हेच मोठं काम होतं. प्रत्येक पत्राचा फाँट वेगळा, तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी एकच अक्षरपद्धती, रुळल्यावर हा अडसर गेला. छापखाना नको, कागद नको, टपाल नको. संकेतस्थळ म्हणजे स्वातंत्र्य, असं तेव्हा खरोखर वाटू लागलं होतं. दक्षिण कोरियात २००० मध्ये 'ओमायन्यूज' ७२७ नागरिक वार्ताहरांना घेऊन उभं राहिलं. त्याच वर्षी आपल्याकडे 'तहलका' आलं. २००१ मध्ये संरक्षण खरेदीतली लाच त्यांनी छुप्या कॅमेऱ्यानं दाखवली, त्यानंतर संस्था आर्थिकदृष्ट्या मोडकळीला आली आणि २००४ मध्ये आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांच्या बळावर कागदी साप्ताहिक होऊन परतली. इंटरनेटवरचं माध्यम पुन्हा वर्गणीच्या वहीकडे आलं, हे मला या सगळ्या हकिकतीत फार महत्त्वाचं वाटतं.

कारण मधल्या काळात वाचकाची पैसे देण्याची सवयच मोडली होती. १९९० च्या दशकात मोठ्या इंग्रजी दैनिकांनी किंमत मुद्दाम उतरवली. अंकाच्या किमतीत कागदाचाही खर्च निघेना, बाकीचा सगळा भार जाहिरातींवर गेला. बातमी जवळजवळ फुकट मिळायला हवी ही समजूत तिथे रुजली आणि इंटरनेटवर ती पक्की झाली. मग जाहिरातीच गूगल-फेसबुककडे गेल्या. तरी वाचक तिथूनच येतो म्हणून छोटी संकेतस्थळं फेसबुकच्या भरवशावर राहिली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं बातम्यांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला वर आणायचं ठरवलं आणि कित्येकांचे वाचक रातोरात आटले. वितरकानं एका सकाळी गठ्ठे उचलायचेच बंद करावेत, तसं. फरक एवढाच की वितरकाच्या दुकानावर जाऊन त्याला जाब विचारता येत असे.

मी स्वतः दोन महिने एका स्थानिक संकेतस्थळावर उमेदवारी केली. रोज आठ बातम्या, त्यातल्या सात दुसऱ्यांच्या वाचून शब्द फिरवून लिहायच्या. आठवी माझी असायची. एका नव्या वसाहतीत नळाला पाणी नाही, लोक टँकरवर दिवस काढतात, ही बातमी मी चार घरांत बसून, बादल्या मोजून लिहिली. ती आली नाही. वसाहत बांधणाऱ्याची जाहिरात आमच्याकडे होती. माझ्यावर कुणी ओरडलं नाही. "जरा थांबू" एवढंच सांगितलं गेलं, आणि ते थांबणं संपलं नाही. ज्या काकूंनी मला बादल्या दाखवल्या त्यांचा पुढे दोनदा फोन आला. काय सांगावं ते मला सुचलं नाही.

या पार्श्वभूमीवर गेल्या बारा-पंधरा वर्षांतले प्रयोग मी बघते. २०१२ मध्ये निघालेल्या 'न्यूजलॉन्ड्री'नं जाहिराती न घेता वाचकांच्या वर्गणीवर उभं राहायचं ठरवलं. फ्रान्समध्ये 'मीडियापार'नं ते २००८ पासूनच केलं होतं. 'खबर लहरिया' बुंदेलखंडातल्या गावच्या बायकांनी २००२ मध्ये कागदावर सुरू केलं आणि पुढे मोबाइलवर नेलं. पी. साईनाथांनी डिसेंबर २०१४ मध्ये उभं केलेलं 'पारी' खेड्यापाड्यांतल्या बातम्या मराठीतही देतं, देणग्यांवर चालतं. मराठीत 'अक्षरनामा' २०१६ पासून आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला काढलेल्या 'साधना'नंही २०१९ मध्ये 'कर्तव्य साधना' हे डिजिटल भावंड आणलं. देणगीवर चालणाऱ्याला देणगीदाराची मर्जी, वर्गणीवर चालणाऱ्याला वर्गणीदाराचा कल सांभाळण्याचा मोह असतोच, 'मूकनायक'ची नाकारलेली जाहिरात मला ते विसरू देत नाही. शिवाय फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी डिजिटल वृत्तमाध्यमांना तक्रार निवारणाची चौकट पाळायला सांगितलं, पुढे न्यायालयानं त्यातल्या काही तरतुदींना स्थगिती दिली. मोठ्या संस्थेला ते जमतं. दोघा-तिघांच्या कामात तेवढा वेळ बातमीतून जातो.

तरीही मला यातली वर्गणीचीच वाट धरावीशी वाटते. इंदुरात मराठी घरं पुष्कळ आहेत, रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर. पुण्या-मुंबईच्या बातम्या त्यांना मोबाइलवर मिळतात. आपल्या वस्तीतली मराठी शाळा किती मुलांवर आली, म्हातारपणी एकट्या राहणाऱ्या माणसांचं काय, नळाला पाणी का नाही, हे मराठीत लिहिणारं कुणी हवं. महिन्यातून दोनदा, मोबाइलवर वाचता येईल असं एक पत्र काढायचं मी आणि माझ्या मैत्रिणीनं ठरवलंय. जाहिरात पहिलं वर्षभर घ्यायची नाही.

सुरुवात आजोबांच्या वहीतल्या पत्त्यांपासून केली. बरीच घरं पडली, तिथे आता इमारती आहेत. "सूनबाई पुढे चालू ठेवतात" असं लिहिलेलं घर मात्र सापडलं. सूनबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी वही दाखवली तर त्यांनी सासऱ्यांच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मोबाइलवरचं मला वाचता येत नाही गं. नातू मोठ्यानं वाचून दाखवेल. वर्षाचे किती?" आकडा सांगितला. त्यांनी आतून पैसे आणले, माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "पावती?"

पावतीपुस्तक माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी खजुरी बाजारातून आणलं आणि पावती क्रमांक १ त्यांच्या घरी नेऊन दिली. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांचं नाव मी सासऱ्यांच्या पत्त्यासकट लिहिलंय. शेऱ्याच्या रकान्यात: "नातवाकडून ऐकतात. अक्षर मोठे ठेवावे."