व्यावसायिक विवेक (नवपदवीधर डॉक्टरांचा)

व्यावसायिक विवेक (नवपदवीधर डॉक्टरांचा) : पुस्तकात ठाम उत्तर नसलेल्या कामाच्या प्रसंगी रुग्णाचे हित, स्वतःच्या क्षमतेची मर्यादा, सहकाऱ्यांशी असलेले नाते आणि कायदा यांचा मेळ घालून रुग्णालयात नव्याने रुजू झालेला डॉक्टर जो निर्णय घेतो तो, तसेच असा निर्णय घेण्याची क्षमता. निदान व उपचार ठरवण्याच्या कौशल्याहून ही क्षमता वेगळी मानली जाते. मात्र दोहोंमधील सीमारेषा पुसट आहे. ताप हिवतापाचा की स्क्रब टायफसचा, हा चिकित्सेचा प्रश्न. रात्री दोन वाजता ते ठरत नसेल तर कोणाला उठवायचे, नातेवाइकांना किती सांगायचे आणि केस पेपरवर काय लिहायचे, हा विवेकाचा प्रश्न.

मराठीत यासाठी ‘प्रसंगनिर्णय’, ‘निर्णयबुद्धी’ असे शब्द वापरले जातात. अर्थाच्या दृष्टीने ‘तारतम्य’ हा जुना शब्द अधिक नेमका ठरतो. संस्कृतातील ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनादर्शक प्रत्ययांवरून तो बनला आहे. समोरच्या चार मार्गांपैकी कोणता बरा, कोणता त्याहून बरा आणि कोणता सर्वांत बरा हे लावणे, असा त्याचा मूळ आशय. आधुनिक परीक्षांमध्ये उमेदवाराला पर्यायांचा क्रम लावायला सांगतात तो नेमका हाच.

पूर्वपीठिका : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ११) ज्ञानाच्या साधनांत ‘युक्ती’ स्वतंत्रपणे गणली आहे. अनेक कारणांच्या संयोगातून उद्भवणाऱ्या गोष्टी पाहणारी, तिन्ही काळांना व्यापणारी बुद्धी, असे तिचे वर्णन येते. संहितेचा काळ निश्चित नाही. सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा तो धरतात. संहिता पुढे पूर्ण करणाऱ्या दृढबलाचे संस्करण त्यानंतरचे आहे. ॲरिस्टॉटलने नीतिविचारात मांडलेल्या व्यवहारप्रज्ञेशी काही अभ्यासक युक्तीची तुलना करतात. ही तुलना सावधपणेच स्वीकारावी लागते, कारण युक्ती हे मुख्यतः जाणण्याचे साधन आहे, वागण्याचा नियम नव्हे. प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा आहे तो त्याच संहितेच्या विमानस्थान या भागातील (अध्याय ८) शिष्योपनयनाचा, म्हणजे शिष्याला दीक्षा देतानाचा उपदेश. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत. आयुष्य थोडे उरले आहे हे कळले तरी, सांगितल्याने रुग्णाला वा इतरांना आघात होणार असेल तेथे ते बोलू नये. हे नियम तेथे नवशिक्या वैद्यालाच उद्देशून दिले आहेत.

प्रसंगचाचणीचा उगम : कामाचा काल्पनिक प्रसंग व त्याखाली पर्याय देणाऱ्या लेखी परीक्षेने, म्हणजे प्रसंगचाचणीने, ही क्षमता मोजता येते या कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. काही इतिहासकार तो अमेरिकेच्या मुलकी सेवा परीक्षेत शोधतात. तेथील पेटंट कार्यालयातील एका पदासाठी १८७३ मध्ये काल्पनिक प्रसंग देऊन उमेदवाराचे मत विचारले गेले होते. मात्र तेथे तयार पर्याय नव्हते, उत्तर मोकळे लिहायचे होते. त्यामुळे तिला आजच्या चाचणीची पूर्वज म्हणणे ताणाचे वाटते. दुसरे मत १९२६ च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या सामाजिक बुद्धिमत्ता चाचणीकडे बोट दाखवते. तिच्या एका उपविभागात सामाजिक प्रसंग व त्याखाली निवडीचे पर्याय होते. रचनेचे साम्य पाहता हे मत अधिक ग्राह्य आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील मानसशास्त्रज्ञांनी सैनिकांच्या निर्णयबुद्धीसाठी असे प्रश्न वापरले आणि १९४० च्या दशकात पर्यवेक्षकांच्या निवडीसाठी अशा चाचण्या निघाल्या. पुढे त्या मागे पडल्या. १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ मोटोविडलो व सहकाऱ्यांनी ‘कमी हुबेहूब प्रतिकृती’ या नावाने ही पद्धत नव्याने मांडली, तेव्हापासून तिचा सलग इतिहास सुरू होतो.

वैद्यकात बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील प्रवेशपरीक्षेने १९९७ पासून चित्रफितींवर आधारित प्रसंग वापरले. ब्रिटनमध्ये पदवीनंतरच्या दोन वर्षांच्या पायाभूत प्रशिक्षणासाठी २०१३ च्या तुकडीपासून ही चाचणी देशभर लागू झाली; २०२४ च्या तुकडीपासून ती वगळण्यात आली. तिच्यात सुरुवातीला दोन प्रकारचे प्रश्न असत : पाच पर्यायांचा क्रम लावणे आणि आठांपैकी तीन निवडणे. क्रमाच्या प्रश्नात कमाल २० गुण. एखादा पर्याय तज्ज्ञांनी ठरवलेल्या जागेपासून एक-दोन घरे सरकला तरी काही गुण मिळत. ‘बरोबर’ उत्तर तज्ज्ञांच्या एकमतावर ठरत असल्याने ते सत्य की केवळ प्रचलित संकेत, हा आक्षेप कायम राहिला.

चाचणी नेमके काय मोजते, यावरही दोन पक्ष आहेत. ‘तुम्ही काय कराल’ असे विचारले तर उत्तर स्वभावाशी अधिक जुळते. ‘काय करायला हवे’ असे विचारले तर आकलनशक्तीशी, असे मॅकडॅनियल व सहकाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२००७) दिसले. एका पक्षाच्या मते ही मोजमापाची केवळ एक पद्धत आहे. दुसऱ्याच्या मते कोणते वर्तन परिणामकारक ठरते याचे एक सर्वसाधारण ज्ञान तिच्यातून मोजले जाते. दुसरे मत शिक्षकांना अधिक उपयोगाचे आहे, कारण ज्ञान असेल तर ते शिकवता येते.

भारतातील स्थिती : भारतात अशी स्वतंत्र चाचणी नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा अभ्यासघटक तयार केला. २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून तो अभ्यासक्रमात आला. २०२१ च्या नियमांनुसार आंतरवासिता (इंटर्नशिप) बारा महिन्यांची असून त्यांपैकी बारा आठवडे जनवैद्यकासाठी आहेत. आंतरवासीने स्वतंत्रपणे काम करू नये आणि स्वतःच्या सहीने मृत्यूचा दाखला वा वैद्यकीय-न्यायविषयक कागद देऊ नये, ही अट १९९७ च्या नियमांतही स्पष्ट होती. आचारसंहिता म्हणून २००२ चे विनियम चालतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाले.

ग्रामीण विदर्भ : वरील सर्व विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जवळपास कोणी वरिष्ठ आहे. ब्रिटिश धर्तीच्या प्रश्नांत ‘वरिष्ठांना कळवा’ हा पर्याय बहुधा वरच्या क्रमांकावर येतो. भामरागड, धारणी किंवा झरी-जामणी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडवर (सक्तीच्या शासकीय सेवेच्या करारावर) आलेला डॉक्टर हाच वरिष्ठ असतो. सपाट प्रदेशात ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष आहे. रात्रीच्या ड्युटीला मात्र एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एखादे मामा (मदतनीस कर्मचारी) एवढेच मनुष्यबळ असते. त्यामुळे ‘केव्हा बोलवावे’ हा प्रश्न येथे ‘केव्हा पाठवावे, आणि पाठवण्याआधी काय करावे’ असा बनतो. येथील विवेकाचा गाभा तोच आहे.

मण्यारचा दंश हे याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे आणतात. ‘रातीपासून पोट दुखून रायलं जी, काई चावलं नाई,’ असे आई सांगते. अंगावर खूण सापडत नाही; मण्यारच्या दंशात ती बहुधा दिसतच नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी येथे उपयोगी पडत नाही, ती घोणशीसाठी. ‘डोये उघडून नाई राहिला’ हे आईचे पुढचे वाक्य मात्र निर्णायक ठरते. पापण्या जड होणे हे मज्जाविषाचे, म्हणजे नसांवर परिणाम करणाऱ्या विषाचे, पहिले चिन्ह आहे. नवा डॉक्टर येथे दोन प्रकारे चुकतो : पोटदुखीचे इंजेक्शन देऊन थांबतो, किंवा घाबरून प्रतिविष न देताच १०८ ला फोन करून मोकळा होतो. मार्गदर्शक तत्त्वांनुसार लक्षणे दिसताच प्रतिविषाची पहिली मात्रा (साधारण १० कुप्या) केंद्रातच सुरू करायची असते, प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया आली तर द्यायचे ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवून. मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष वयाप्रमाणे कमी होत नाही. मग गाडीत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन कोणी बसायचे, हा प्रश्न उरतो. डॉक्टर गेला तर केंद्र उघडे पडते, न गेला तर वाटेत श्वास थांबू शकतो. याचे एकच बरोबर उत्तर नाही; लेबर रूममध्ये कोणी आहे का आणि बॅग हाताळणारे दुसरे कोण आहे, यावर ते ठरते.

कापूसपट्ट्यातील प्रसंग वेगळे असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा या विषयाकडे राज्याचे लक्ष गेले. उपचाराच्या अंगाने सूचना स्पष्ट आहेत : कपडे काढून अंग धुणे, आणि ॲट्रोपिन (अशा विषबाधेवरील औषध) केवळ डोळ्यांच्या बाहुल्या पाहून नव्हे तर छातीतली घरघर थांबेपर्यंत देणे. अवघड असते ते लिहिणे. विषबाधेची प्रत्येक केस एमएलसी (वैद्यकीय-न्यायविषयक प्रकरण) होते आणि पोलिसांना कळवावी लागते. ‘पोलीस नको, साहेब’ असे नातेवाईक हात जोडून सांगतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा व सर्पदंश धरले जातात आणि मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. आत्महत्या तिच्यात बसत नाही. त्यामुळे केस पेपरवरची पहिली ओळ एका घराचे पुढचे वर्ष ठरवू शकते. अशा वेळी दयेपोटी ‘अपघात’ किंवा संशयाने ‘आत्महत्या’ असे स्वतःचे अनुमान लिहिणे दोन्ही चूक. कोणी काय सांगितले ते सांगणाऱ्याच्या नावासह, तपासणीत काय दिसले ते, आणि वेळ, एवढेच लिहावे. ही शिस्त कोरडी वाटते, पण त्या कुटुंबाचे तिच्याइतके रक्षण दुसरे काही करत नाही.

भाषा आणि विश्वास यांचे प्रश्न मेळघाट व गडचिरोलीत अधिक तीव्र होतात. कोरकू, गोंडी वा माडिया बोलणाऱ्या बाईची संमती बहुधा आशा कार्यकर्तीच्या तोंडून घेतली जाते. आशा त्याच गावची, कित्येकदा नात्यातली. सिकलसेल, कुटुंबनियोजन किंवा गर्भपाताविषयी विचारताना दुभाषी कोण, हे ठरवणे हाच गोपनीयतेचा निर्णय बनतो. तापल्या लोखंडाचे चटके दिलेले बाळ आणले गेले तर आईला रागे भरण्याचा मोह आवरावा लागतो. ती पुढच्या वेळी आणेल की नाही, हे त्या पाच मिनिटांवर ठरते. वीस वर्षे बाळंतपणे केलेल्या सिस्टरने ‘सर, ही इथं होणार नाही, पाठवा’ म्हटल्यावर नव्या डॉक्टरने काय करावे, हाही याच वर्गातील प्रसंग. अधिकाराची उतरंड बाजूला ठेवून तिचे ऐकणे आणि मग स्वतः तपासणे हा क्रम सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो.

या भागात अशा शिक्षणाची परंपरा आहे. सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थी आरंभापासून गावांशी जोडले जातात. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प (१९७३) आणि गडचिरोलीतील ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था येथेही अनेक तरुण डॉक्टर काम करून गेले आहेत.

कायदेशीर चौकट थोडक्यात अशी (कंसात सर्वोच्च न्यायालयाचे खटले) : तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत (परमानंद कटारा, १९८९), चुकीबद्दल फौजदारी जबाबदारी येण्यास निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो (जेकब मॅथ्यू, २००५), संमती माहितीसह घ्यावी लागते (समीरा कोहली, २००८). डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० चा आहे.

नोंदींपैकी सर्वांत दुर्लक्षित आहे ती फोनची. ग्रामीण रुग्णालयातील वा जिल्ह्याच्या वरिष्ठांना रात्री फोन केला, तर त्यांचे नाव, वेळ आणि त्यांनी दिलेला सल्ला केस पेपरवर उतरवावा. फोन लागला नाही तर तेही लिहावे. रेफरच्या चिठ्ठीवर प्रतिविषाची पहिली कुपी केव्हा सुरू केली, पापण्या केव्हा झुकल्या, श्वास केव्हा मंदावला, या तीन वेळा असल्या की पुढचा डॉक्टर त्यावरून दुसरी मात्रा ठरवू शकतो.