बालहृदय शस्त्रक्रियेनंतरची रक्तातील जैवचिन्हके

जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रियेनंतर मुलाच्या रक्तात कमीजास्त होणारे आणि वेळेवर मोजल्यास येऊ घातलेल्या गुंतागुंतीची चाहूल देणारे घटक. लॅक्टेट, क्रिएटिनीन, ट्रोपोनिन, बीएनपी, सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन हे त्यांपैकी विशेष परिचित. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २००१ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार शरीरातील स्वाभाविक प्रक्रिया, रोगप्रक्रिया किंवा उपचाराला मिळालेला प्रतिसाद दाखवणारी, वस्तुनिष्ठपणे मोजता येणारी कोणतीही खूण म्हणजे जैवचिन्हक. तीत रक्ताची अट नसल्यामुळे लघवीतील चिन्हकांचा उल्लेख या नोंदीतही टाळता येत नाही.

विषयाचा आरंभ कोठे धरावा हे शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. मानवी रक्तातील लॅक्टिक आम्लाची (लॅक्टेट हे त्याचेच रूप) नोंद जर्मन वैद्य योहान शेरर यांनी १८४३ मध्येच केली होती. शस्त्रक्रियेपुरते हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियात केली. परंतु यंत्राच्या संपर्कामुळे रक्तात होणारे बदल आणि नंतरची गुंतागुंत यांची सांगड घालणारे काम बरेच नंतरचे. जेम्स कर्कलिन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सी३ए या, प्रतिकारयंत्रणेतील पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनाच्या तुकड्याची वाढलेली पातळी, यंत्रावरचा दीर्घ काळ आणि कोवळे वय यांचा गुंतागुंतीशी संबंध दाखवला. प्रस्तुत विषयाची सुरुवात येथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सी३ए स्वतः मात्र नित्य तपासणीत रुळले नाही.

मोठ्यांसाठी ठरलेले आकडे मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर रक्त असते. यंत्राच्या नळ्या भरण्यासाठी लागणारा द्रव त्यात मिसळला की सर्वच घटक विरळ होतात. शिवाय प्रत्येक तपासणी म्हणजे त्या पेल्यातून आणखी काही थेंब काढणे. त्यामुळे जी तपासणी धमनीतील नळीतून काढलेल्या थेंबभर रक्तावर खाटेजवळच होते, तिचे मोल बालहृदय विभागात मोठे आहे.

लॅक्टेट हे तसे चिन्हक. रक्तवायू तपासणाऱ्या यंत्रातच ते दोन-तीन मिनिटांत कळते आणि ‘गॅस लावला का, लॅक्टेट किती?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या रात्री अनेकदा ऐकू येतो. एरवी ते २ मिलिमोल प्रति लिटरपेक्षा कमी असते. यंत्रावरून उतरल्यावर ते वाढलेले असणे अपेक्षित असून पुढील तासांत ते उतरावे लागते. जॉन चार्पी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये नवजात बाळांच्या अभ्यासातून दाखवले की, एकेकट्या आकड्यापेक्षा वाढीचा वेग अधिक बोलका असतो, तासाला ०.७५ मिलिमोल किंवा त्याहून वेगाने चढणारे लॅक्टेट वाईट परिणामाशी निगडित होते. हृदयाकडून शरीराला होणारा रक्तपुरवठा सहसा पहिल्या ६ ते १८ तासांत सर्वांत खालावतो, म्हणून याच काळात मोजणी दाट ठेवतात.

हे वाढलेले लॅक्टेट येते कोठून, यावर मतभेद आहे. जुन्या मतानुसार ऊतींना प्राणवायू कमी पडल्यामुळे पेशी ऑक्सिजनविना साखर जाळतात आणि लॅक्टेट साचते. कोहेन आणि वुड्स यांनी १९७६ मध्ये लॅक्टिक आम्लतेचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार केले, त्यांतील हा ‘अ’. परंतु हृदयाला आधार म्हणून दिलेले ॲड्रेनालिन पेशींवरील बीटा-२ ग्राहींमार्फत साखरेचे विघटन वाढवते आणि प्राणवायू पुरेसा असतानाही लॅक्टेट चढवते. अशा मुलाची रक्तशर्कराही बहुधा वाढलेली असते. दोन्ही कारणे एकाच मुलात एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे केवळ आकड्यावरून निवाडा करणे धोक्याचे. पावले कोमट आहेत, अंगठा दाबून सोडल्यावर रंग झटकन परततो, लघवी होते आहे आणि मध्यवर्ती शिरेतील रक्तात प्राणवायू पुरेसा उरतो आहे, अशा मुलात औषधजन्य कारणाकडे कल ठेवणे योग्य. पावले गार पडत चालली असतील तर मात्र ‘ॲड्रेनालिनमुळे असेल’ म्हणून थांबू नये.

मूत्रपिंडाच्या इजेसाठी रूढ मोजमाप क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक. केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१२ च्या निकषांनुसार ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढ किंवा ७ दिवसांत दीडपट वाढ ही तीव्र इजा मानतात. लघवीच्या प्रमाणाचा निकष वेगळा आहे. मुलांत हे मोजमाप कच्चे ठरते. क्रिएटिनीन स्नायूंतून येते आणि बाळाचे स्नायू इवलेसे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाच्या रक्तात आईचेच क्रिएटिनीन असते. अंगात साचलेल्या पाण्यामुळे ते विरळ होते आणि इजा झाल्यावर चढायला एक-दोन दिवस घेते.

म्हणूनच मूत्रपिंडाच्या इजेनंतर लवकर वाढणाऱ्या एनगॅल या प्रथिनाविषयीचा २००५ मधील शोधनिबंध गाजला. सिनसिनाटी येथील प्रसाद देवराजन आणि सहकाऱ्यांनी ७१ मुलांत यंत्रावरील शस्त्रक्रियेनंतर ते मोजले. त्यांपैकी २० मुलांना मूत्रपिंडाची इजा झाली. क्रिएटिनीनने ती कळायला १ ते ३ दिवस लागले, तर लघवीतील एनगॅल दोन तासांतच वाढले होते; त्याची संवेदनशीलता (इजा झालेली मुले ओळखण्याचे प्रमाण) १०० टक्के आणि विशिष्टता (इजा न झालेली मुले ओळखण्याचे प्रमाण) ९८ टक्के आली. एवढा नेमकेपणा पुढे टिकला नाही. चिराग पारीख आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील ३११ मुलांच्या बहुकेंद्री अभ्यासात लघवीतील एनगॅलच्या वक्राखालील क्षेत्रफळ, म्हणजे अचूकतेचे माप (१ म्हणजे पूर्ण अचूक, ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज), सुमारे ०.७१ भरले आणि रक्तद्रवातील एनगॅलचा इजेशी ठळक संबंध आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतील इजेचे निकष वेगळे होते, हे ध्यानात घ्यावे लागते. दुसरे कारण प्रथिनाच्या जन्मस्थानात आहे. एनगॅल मूळचे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत सापडले आणि यंत्रातून फिरलेल्या रक्तात या पेशी चेतवल्या जातातच. त्यामुळे रक्तातील एनगॅल मूत्रपिंडाबद्दल सांगते की दाहाबद्दल, हे वेगळे काढणे कठीण जाते. लघवीतील मापन त्यामानाने विश्वसनीय मानावे. तथापि नव्या चिन्हकाची पारख शेवटी क्रिएटिनीनशी ताडूनच होते. वाकड्या पट्टीने सरळ रेघ तपासण्यासारखे हे आहे. मूत्रपिंडाच्या कामाचे दुसरे चिन्हक असलेले सिस्टॅटिन सी हे प्रथिन स्नायूंवर अवलंबून नसल्याने उपयोगी, पण स्टेरॉइड आणि थायरॉइडचा त्यावर परिणाम होतो.

ट्रोपोनिन हृदयस्नायूच्या इजेचे चिन्हक. परंतु येथे शस्त्राने स्नायू कापलेलाच असतो. अलिंदांतील (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील) छिद्र बुजवल्यावर ते थोडे, तर फॅलोच्या चतुष्कात, म्हणजे चार दोष एकत्र असलेल्या जन्मजात विकारात, निलयाचा (खालच्या कप्प्याचा) स्नायू काढल्यावर बरेच वाढते. म्हणून सर्व शस्त्रक्रियांना एकच मर्यादा लावता येत नाही. जन्मतः उलट जोडलेल्या महारोहिणी आणि फुप्फुस-रोहिणी यांची अदलाबदल करताना हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्या नव्या जागी जोडाव्या लागतात. तेथे न उतरणारे किंवा पुन्हा चढणारे ट्रोपोनिन हृद्‌रोहिणीतील अडथळ्याची शंका घेण्यास पुरेसे आहे. बीएनपी हे हृदयावर ताण आल्यावर वाढणारे संप्रेरक जपानी संशोधकांना १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात मेंदू. प्रत्यक्षात ते मुख्यतः निलयांतून स्रवते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ, सुमारे २० मिनिटांचे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत ते निरोगी बाळांतही खूप असते.

संसर्गाच्या बाबतीत अडचण अशी की शस्त्रक्रियाच दाह निर्माण करते. संसर्ग आणि दाहात वाढणाऱ्या प्रथिनांपैकी प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या दिवसाच्या सुमारास, तर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते. उतरणीला लागलेला आकडा पुन्हा चढला, तर रक्ताचे कल्चर पाठवून नळ्या, जखम आणि छाती पाहतात.

मेंदूच्या इजेसाठी एस१००बी हे प्रथिन वापरून पाहिले गेले. परंतु छातीतील चरबीतूनही ते रक्तात येते आणि शोषलेले रक्त यंत्रात परत घेतल्यावर आकडा फुगतो. जीएफएपी हे दुसरे प्रथिन अधिक मेंदूविशिष्ट आहे.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडी आणि शाळेतील तपासणीतून हृदयदोष असलेली मुले शस्त्रक्रियेपर्यंत पोचतात. घरी परतल्यावरही काहींना रक्ततपासणी लागते. एकच कार्यक्षम निलय असलेल्या मुलांवर फॉन्टन शस्त्रक्रिया (शरीरातून परतणारे रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणारी) झाल्यावर काही वर्षांनी आतड्यातून प्रथिने झिरपू लागू शकतात. सकाळी सुजलेले डोळे, फुगलेले पोट आणि जुलाब अशी तक्रार घेऊन आलेल्या अशा मुलाच्या रक्तातील अल्ब्युमिन आधी पाहतात आणि ते उतरलेले आढळल्यास विष्ठेतील अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे रक्तातून झिरपलेले प्रथिन मोजतात.